उरलेल्या रोपांचं वाण

मे महिना लागला की मंडळाच्या व्हॉट्सॲपवर दोन निरोप हटकून येतात. पहिला, 'ग्रॅज्युएशन पार्टीसाठी चांगला हॉल सुचवा'. दुसरा, 'टोमॅटोची रोपं उरली आहेत, कोणाला हवीत का?' पहिल्या निरोपाला अर्ध्या तासात वीस उत्तरं येतात. दुसऱ्याखाली एकदोन अंगठे उमटतात, कोणीतरी 'आमच्याकडे ऊन नाही हो' असं लिहितं आणि मग विषय पार्किंगकडे वळतो. हा लेख त्या दुसऱ्या निरोपाबद्दल आहे.

रोपं उरतात कशी, ते आधी पाहू. एअरलूम टोमॅटोच्या बियांच्या पाकिटात साधारण पंचवीस-तीस बिया असतात. चौघांच्या घराला सहा झाडं पुष्कळ झाली. पण सहा झाडं एकाच जातीची कोण लावणार? एक गुलाबी, एक जांभळट, एक रस्सा-सारासाठी गरदार, असं करत चार पाकिटं घरात येतात. सगळ्या बिया उगवतीलच असं नाही, म्हणून हात थोडा सैल सुटतो. न्यू जर्सीसारख्या हवामानात मार्चच्या उत्तरार्धात घरात दिव्याखाली पेरणी होते आणि मेच्या मध्यावर रात्रीची थंडी गेली की रोपं बाहेर जातात. मधल्या सहा-आठ आठवड्यांत दह्याचे रिकामे डबे, लाल प्लॅस्टिकचे पेले आणि जेवणाचं टेबल हे सगळं रोपांच्या ताब्यात जातं. विरळणी करायची वेळ येते तेव्हा धड वाढलेलं रोप उपटून टाकायला हात होत नाही. आपल्या लोकांचा तर नाहीच. ज्या घरात भाजीवाल्याने पालकाबरोबर बांधून दिलेला दोराही गुंडाळून ठेवतात, तिथे जिवंत रोप टाकवणार कसं?

म्हणून निरोप जातो. आणि निरोप पाठवणाऱ्याच्या सुरात थोडा संकोच असतो, जणू आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात मारतो आहोत. या संकोचाचं काहीच कारण नाही. जुनी वाणं आजवर टिकली ती अशा उरलेल्या रोपांमुळे आणि उरलेल्या बियांमुळे, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सरळ वाण म्हणजे काय

एअरलूम हा शब्द मूळचा घरातल्या वारसाहक्काच्या वस्तूंसाठीचा. आपल्याकडे आजीची पैठणी किंवा पणजीची बोरमाळ असते तसा. भाजीपाल्यात तो पिढ्यान्‌पिढ्या घरात राखलेल्या वाणांसाठी वापरतात. नेमकं किती वर्षं जुनं असलं की त्याला एअरलूम म्हणायचं, यावर बागवाल्यांत एकमत नाही. कोणी पन्नास वर्षं म्हणतं, कोणी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं हवं म्हणतं. एका गोष्टीवर मात्र सगळे सहमत आहेत. वाण सरळ हवं, संकरित नको. संकरित टोमॅटोचं बी धरून पेरलं तर पुढच्या वर्षी आईबापांचे गुण विखरून वेगवेगळी फळं येतात. सरळ वाणाचं बी धरलं तर जसं झाड तसंच झाड येतं. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे शेजारी दुसरी जात असली तरी सहसा भेसळ होत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की सरळ वाणाचं एक रोप कोणाला दिलंत तर तुम्ही त्याला एका उन्हाळ्याचे टोमॅटो देत नाही, पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांचं बी देता.

मराठीत या गोष्टीसाठी शब्दही किती चपखल आहे पाहा. बियाण्याची जात म्हणजे वाण, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायचं तेही वाण. दोन्ही अर्थांच्या मुळांचा वाद अभ्यासकांवर सोडू, पण एकाच शब्दात जात आणि भेट दोन्ही मावतात, हे आपल्याला उपयोगी पडणारं आहे. शिवाय आपण वाण 'देत' नाही, 'लुटतो'. देताना मोजमाप नाही, आणि घेणाऱ्यावर उपकाराचं ओझं नाही.

एक डॉलरचं रोप

मॉर्गेज म्हटलं की आपल्यापैकी प्रत्येकाचे कान टवकारतात. टोमॅटोच्या एका प्रसिद्ध वाणाचं नावच 'मॉर्गेज लिफ्टर' आहे, म्हणजे घराचं कर्ज उतरवणारा. त्याची गोष्ट वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावची. तिथे एम. सी. बाइल्स नावाच्या मेकॅनिकचं दुरुस्तीचं दुकान एका चढाच्या पायथ्याशी होतं. चढावर ट्रकची इंजिनं तापायची, रेडिएटर फुटायचे आणि गाड्या घरंगळत यांच्या दारात यायच्या. म्हणून लोक त्यांना 'रेडिएटर चार्ली' म्हणत. १९३० च्या दशकात त्यांनी 'जर्मन जॉन्सन' जातीचं एक झाड मधोमध लावून भोवती इतर मोठ्या फळांच्या जाती लावल्या, हातानं परागण केलं आणि काही वर्षं निवड करत करत वाण पक्कं केलं. वनस्पतिशास्त्राचं शिक्षण काही नव्हतं. त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, १९४० च्या दशकात त्यांनी या टोमॅटोची रोपं एक डॉलरला एक अशी विकली, लोक दोनशे मैलांवरून गाडी हाकत न्यायला आले, आणि सहा वर्षांत घराचं सहा हजार डॉलरचं कर्ज फिटलं.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी रोपं विकली. फळं विकली असती तर ती खाऊन संपली असती. रोपं गेली म्हणून वाण शेकडो परसांत पोचलं, आणि बाइल्स यांचं दुकान कधीच बंद झालं तरी आजही ते बियाण्यांच्या कॅटलॉगमध्ये सापडतं.

दुसरी गोष्ट आयोवातली. डायन ऑट व्हीली यांच्या आजोबांनी नातीला आणि नातजावयाला दोन बियाणी दिली. एक जांभळ्या फुलांच्या मॉर्निंग ग्लोरीचं, आणि एक 'जर्मन पिंक' टोमॅटोचं. आजोबांचे आईवडील एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातून अमेरिकेला आले तेव्हा हे बी बरोबर घेऊन आले होते. त्यानंतरच्या हिवाळ्यात आजोबा गेले. डायन आणि त्यांचे पती केंट यांच्या लक्षात आलं, की आता हे बी जगवणारे आपणच उरलो आहोत. आपल्यासारखी आणखी किती घरं असतील, असा विचार करून त्यांनी बागकामाच्या मासिकांना पत्रं लिहिली. त्यातून १९७५ मध्ये बियांची देवघेव करणारा एक छोटा गट उभा राहिला. पुढे त्याची सीड सेव्हर्स एक्स्चेंज ही संस्था झाली. आयोवातल्या डेकोरा गावाजवळ तिचं शेत आहे आणि आज तिच्या संग्रहात हजारो वाणं आहेत.

तिसरी गोष्ट १९९० ची. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात राहणारे क्रेग लेहूलियर हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ आणि टोमॅटोचे वेडे. त्यांना टेनेसीतल्या एका अनोळखी गृहस्थांचं टपाल आलं. पाकिटात थोड्या बिया आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीचा आशय असा, की ही जांभळट टोमॅटोची जात शंभरएक वर्षांपूर्वी चेरोकी लोकांनी शेजाऱ्यांना दिली होती असं सांगतात. टोमॅटोला नाव नव्हतं. लेहूलियर यांनी ते पेरलं, चव पाहून थक्क झाले, त्याचं नाव 'चेरोकी पर्पल' ठेवलं आणि ओळखीच्या लहान बियाणे कंपन्यांना बी पाठवलं. आज उन्हाळ्यात फार्मर्स मार्केटला जाल तर हा मातकट जांभळा, हिरव्या खांद्यांचा टोमॅटो बहुतेक ठिकाणी दिसतो. तो लिफाफा टपालात पडला नसता तर ही जात कदाचित एका परसाबरोबरच संपली असती.

आपल्याकडची बीजमाता

तिन्ही गोष्टी अमेरिकेतल्या झाल्या, पण ही रीत आपल्याला नवी नाही. कोकणात लावणीनंतर भाताचा तरवा उरला तर तो ज्याचं रोप कमी पडलं त्या शेजाऱ्याकडे जातो. देशावर कांद्याच्या रोपाचंही तेच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांना आपण 'बीजमाता' म्हणून ओळखतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या राहीबाईंनी भात, नागली, वाल, घेवडे आणि परसातल्या भाज्यांची गावठी वाणं जमवली, राखली आणि बायफ संस्थेच्या मदतीने त्यांची बियाणे बँक उभी केली. २०१८ मध्ये बीबीसीने जगभरातल्या शंभर प्रभावी स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बँकेचा व्याजदर ऐकण्यासारखा आहे. बी न्यायचं आणि पुढच्या हंगामात दुप्पट आणून द्यायचं. म्हणजे जितकं वाटावं तितकी बँक भरते.

अशा वाटपाला कायद्याचाही आधार आहे. भारतातल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलून घेण्याचा आणि वाटण्याचा हक्क मान्य केला आहे. अमेरिकेत ही बाब राज्याराज्यावर आहे. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्ग इथल्या सार्वजनिक वाचनालयाने पुस्तकांसारखं बी नेण्याची सोय केली. न्या, पेरा, हंगामाअखेरीस थोडं परत आणून द्या. राज्याच्या कृषी खात्याने लगेच बियाणे कायद्याकडे बोट दाखवलं. हा कायदा मुळात विक्रीच्या बियाण्यांची तपासणी आणि लेबल यांसाठीचा होता. देशभर चर्चा झाली, आणि दोन वर्षांनी राज्याने स्पष्ट केलं, की बिनव्यापारी देवघेवीला ते नियम लागू नाहीत. शेजाऱ्याला चार बिया देण्याचा हक्कही कधी कधी मागून घ्यावा लागतो, असा त्याचा धडा.

रोपाला इंग्रजी यावं लागत नाही

आपल्या मंडळींसाठी या रोपांचं आणखी एक मोल आहे. एप्रिलमध्ये भारतातून आईबाबा येतात आणि ऑक्टोबरमध्ये परत जातात. सहा महिन्यांचा मुक्काम आणि टोमॅटोचा हंगाम जवळपास जुळतात. मुलगा-सून कामाला, नातवंडं शाळेत. घरात पाहुण्यासारखं बसून राहिलेल्या बाबांना शेजाऱ्याशी काय बोलावं कळत नाही. अशा वेळी हातात रोप असेल तर फार बोलावं लागत नाही. कुंपणापाशी जाऊन ते पुढे करायचं. शेजारी 'टोमॅटो?' म्हणतो, बाबा 'टोमॅटो!' म्हणतात, आणि पुढची सगळी चर्चा हातवाऱ्यांनी पार पडते. ऑगस्टमध्ये त्या शेजाऱ्याकडून झुकिनीची पिशवी येते. अमेरिकन बागांत झुकिनी इतकी पिकते, की गुपचूप शेजाऱ्याच्या ओट्यावर ती ठेवून पळण्यासाठी ८ ऑगस्ट हा दिवसच इथल्या लोकांनी गमतीने मुक्रर केला आहे. त्या झुकिनीचं थालीपीठ होतं आणि ताटलीतून परत कुंपणापलीकडे जातं. हा व्यवहार एकदा सुरू झाला की पुढे चालत राहतो.

हळदीकुंकवाच्या वाणाला पूर्वापार एक मर्यादा होती. ते सवाष्णींपुरतं असायचं. रोपाच्या वाणाला ती नाही. एकटे राहणारे काका, नवरा गमावलेल्या काकू, विद्यार्थी, मंडळाच्या कार्यक्रमांना न येणारी कुटुंबं, शेजारचे इटालियन आजोबा, सगळे त्यात येतात.

आणखी एक गोष्ट आपण बोलत नाही, पण आता बोलायला हवी. १९६५ च्या कायद्यानंतर जी पिढी इथे आली ती आता मोठी घरं विकून लहान घरांत किंवा मुलांजवळ जाते आहे. प्रत्येक मंडळात एखादे काका-काकू असे असतात, ज्यांच्या परसातल्या टोमॅटोची, मिरचीची, घेवड्याची चव सगळ्यांना माहीत असते. घर विकताना पुस्तकं मंडळाला दिली जातात, भांडी वाटली जातात. परसातलं वाण मात्र यादीत नसतं. नवा मालक पहिल्या आठवड्यात तिथे हिरवळ लावतो. ते वाण दोन-तीन घरांत आधीच गेलेलं असेल तरच वाचतं. तेव्हा 'काकू, तुमच्या टोमॅटोचं बी द्याल का?' हे विचारायला घर विकायच्या पाटीची वाट पाहू नये.

देताना घ्यायची काळजी

रोप देणं सोपं आहे, पण काही पथ्यं पाळली तर भेट भेट राहते.

नाव लिहून द्या. दह्याच्या डब्याची पट्टी कापून त्यावर पेन्सिलीने वाणाचं नाव लिहा. पेनाची शाई उन्हात उडते, पेन्सिलीची खूण टिकते. बिननावाचं रोप पुढच्या माणसाच्या हाती केवळ 'एक टोमॅटो' होतं.

उन्हावाऱ्याची सवय लावून द्या. दिव्याखाली वाढलेलं रोप थेट उन्हात ठेवलं तर पानं भाजतात. आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून मग द्यावं. रात्रीचं तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या खाली जात असेल तर घेणाऱ्याला चार दिवस थांबायला सांगावं.

लावायचं कसं ते सांगा. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलं की तिथे मुळं फुटतात, म्हणून खालची पानं काढून रोप खोल लावावं. बहुतेक एअरलूम जाती सहा-आठ फूट वाढतात, त्यांना भक्कम आधार आणि दिवसाला सहा तासांहून जास्त ऊन लागतं. ज्यांच्याकडे फक्त बाल्कनी आहे त्यांना चेरी टोमॅटोचं किंवा बुटक्या जातीचं रोप द्यावं.

रोगट रोप कोणालाही देऊ नका. २००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात उशिराच्या करप्याने टोमॅटो आणि बटाटा झोडपला. पाऊस आणि थंडी होतीच, पण मोठ्या दुकानांतून विकल्या गेलेल्या रोगट रोपांमुळे रोग परसापरसांत पोचला. म्हणून पानावर डाग, खोडावर काळे चट्टे दिसले तर रोप पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावं आणि शंका असेल तर काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयाला विचारावं. तंबाखू मळलेल्या किंवा सिगारेट धरलेल्या हातांनी रोपं हाताळू नयेत, त्यातून मोझॅकचा विषाणू जाऊ शकतो. हात साबणाने धुवावेत.

टोमॅटोबरोबर कढीपत्त्याचं रोपही वाटायचा मोह होतो. तिथे जरा थांबा. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग पसरवणारी सिला ही कीड कढीपत्त्यावरही वाढते. त्यामुळे फ्लोरिडा, टेक्सस, कॅलिफोर्निया या राज्यांतल्या रोगग्रस्त भागांतून कढीपत्त्याची रोपं बाहेर नेण्यावर बंधनं आहेत. मैत्रिणीकडून येताना बॅगेत एक फांदी घेणं इतकं साधं ते नाही. तसंच भारतातून बी आणायचं असेल तर वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र किंवा परवाना लागतो आणि विमानतळावर ते जाहीर करावं लागतं. साडीच्या घडीतली पुडी निष्पाप असते, तिच्यातला विषाणू नसतो.

दिवाळी ते अक्षय्य तृतीया

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बागेतली शेवटची फळं उतरवायची वेळ झालेली असेल. पहिल्या कडक थंडीआधी हिरवे टोमॅटो काढून आणले की त्यातल्या काहींची दाण्याचं कूट आणि तीळ घालून चटणी होते, काही कागदात गुंडाळून पिकत ठेवता येतात. विदर्भातली मंडळी त्यांना भेदरं म्हणतील, काही जुन्या घरांत बेलवांगी म्हणतील, चटणी सगळ्यांकडे तितकीच लवकर संपते.

चटणी करण्याआधी एक काम करा. तुमच्या सर्वांत चांगल्या झाडाची, रंग धरलेली दोन-तीन फळं बाजूला ठेवा. ती पूर्ण पिकली की गर आणि बिया पेल्यात पिळून थोडं पाणी घाला, वर फडकं बांधा आणि दोन-तीन दिवस ठेवा. गर आंबतो, वर पातळ थर येतो, बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं आणि चांगल्या बिया तळाशी बसतात. चाळणीत धुऊन त्या चिनी मातीच्या ताटलीत आठवडाभर वाळवा. कागदी पाकिटात भरून नाव आणि वर्ष लिहा. कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी हे बी चार-पाच वर्षं सहज टिकतं.

मग आपलं पंचांग आयतंच मदतीला येतं. दिवाळीला बी धरायचं. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी दहा बियांची पुडी वाण म्हणून लुटायची. पाडव्याच्या आगेमागे पेरायचं. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, जेव्हा गावाकडे आळी करून वेल लावतात, तेव्हा इथे उरलेली रोपं दारोदार पोचवायची.

मंडळाने यासाठी फार काही करायला नको. एक वही पुरे. तिच्यात वाणाचं नाव, ते कोणाकडून आलं आणि आता कोणाकोणाकडे आहे, एवढंच लिहायचं. एका वाणासमोर निदान तीन घरं असावीत, हा एकच नियम. एकाचं झाड हरणाने खाल्लं, दुसऱ्याने घर बदललं, तरी तिसऱ्याकडे ते असेल. पुढच्या मे महिन्यात 'रोपं उरली आहेत' असा निरोप आला, तर अंगठा दाखवून थांबू नका. किती उरली आहेत आणि कोणत्या जातीची, ते विचारा.